आधी पाहणी, मग हात

वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्यात ज्याने जन्मात सर्व्हर पाहिलेला नाही, त्यालाही तो 'डाऊन' असतो एवढं पक्कं ठाऊक आहे. खरिपाच्या पीकविम्याची शेवटची तारीख, म्हणजे बहुतेक वर्षी जुलैअखेर, जवळ आली की सेवा केंद्रासमोर रांग लागते. सातबारा, आधार, पासबुकाची झेरॉक्स पिशवीत घेऊन माणसं सकाळपासून उभी असतात आणि आतून निरोप येतो, "सर्व्हर डाऊन हाये, उद्या या." केंद्रावरच्या पोराचा यात काही दोष नसतो. त्याच्या पडद्यावर एक गोल चक्र फिरत असतं आणि त्या चक्राकडे पाहून कुणालाच काही कळत नाही.

सर्व्हरला मात्र बहुतेक वेळा सगळं ठाऊक असतं. डिस्क भरली, मेमरी संपली, डेटाबेस नवी जोडणी घेईना, सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत काल मध्यरात्री संपली, किंवा एकाच दुपारी साऱ्या महाराष्ट्राने गर्दी केली. 'डाऊन' या एका शब्दाखाली अशी डझनभर वेगवेगळी कारणं दडलेली असतात, आणि त्यातलं नेमकं कोणतं हे यंत्राने आपल्या नोंदींत तास-मिनिट-सेकंदासह लिहून ठेवलेलं असतं. त्या नोंदी वाचायला ज्या कमांड लागतात, त्यांची ही पुस्तिका. दुरुस्तीच्या कमांडही आहेत, पण त्या शेवटच्या प्रकरणांत. हा क्रम मुद्दाम लावला आहे आणि या प्रस्तावनेत मला त्याचीच बाजू मांडायची आहे.

एक खुलासा आधीच करतो. इथे कमांडची नावं आपण बोलताना उच्चारतो तशी नागरीत लिहिली आहेत. पुढच्या प्रकरणांत ती टर्मिनलवर टाइप करावी लागतात तशीच छापली आहेत.

सर्व्हर म्हणजे काही वेगळ्या जातीचं यंत्र नव्हे. आपल्या संगणकात जे असतं तेच त्याच्यात असतं, फक्त त्याला पडदा नसतो, माउस नसतो आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून कुणी बसत नाही. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने 2016 मध्ये मुंबईत सर्व्हरने भरलेल्या थंडगार हॉलची आपली डेटा केंद्रं उघडली. आता तर महिन्याला काहीशे रुपये भरले की छोटा सर्व्हर भाड्याने मिळतो. त्याची देखभाल करणारा माणूस त्या थंडगार हॉलमध्ये कधी पाऊलही टाकत नाही. तो आपल्या जागी बसून एसएसएचने लॉगिन करतो आणि समोर अक्षरांची एक खिडकी उघडते. पुढचा सगळा कारभार त्या खिडकीतून.

एसएसएच 1995 मध्ये फिनलंडच्या टाटू युल्योनेन यांनी लिहिलं. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकत असल्याचं उघड झालं, तेव्हा त्यांनी हे काम हाती घेतलं. तोवर जगभर टेलनेट चालायचं आणि त्यात पासवर्ड तारेवरून उघडावाघडा जायचा. 1999 मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी त्याची मुक्त आवृत्ती काढली आणि आज जवळजवळ प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर तीच असते. मानोऱ्याच्या वाचकासाठी यातली कामाची गोष्ट अशी की एसएसएचला इंटरनेट फार थोडं लागतं. संध्याकाळी मोबाइलचं नेटवर्क सुस्तावलं की होस्टिंग कंपनीचं रंगीत पॅनेल अर्ध्यावर अडकून बसतं. त्याच वेळी, त्याच फोनच्या हॉटस्पॉटवर, एसएसएच मुकाट्याने चालू असतं. एक अक्षर दाबलं तर जायचे किती, शे-दीडशे बाइट.

हा काटकसरीपणा योगायोगाने आलेला नाही. लिनक्स ज्या वळणावर घडलं त्या युनिक्सचा जन्म 1969 चा, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतला. केन टॉम्पसन आणि डेनिस रिची ज्या टेलिटाइप यंत्रावर काम करत ते सेकंदाला दहा अक्षरं छापायचं, तीही कागदावर. लांबलचक नाव टाइप करणं म्हणजे बोटांना शिक्षा आणि लांबलचक उत्तर म्हणजे वेळेचा अपव्यय. म्हणून नावं दोन-तीन अक्षरांची ठेवली आणि रिवाज असा पडला की काम नीट झालं तर कमांडने गप्प बसावं, बिघडलं तरच बोलावं. नवशिक्याला ही शांतता चमत्कारिक वाटते. एंटर मारल्यावर काहीच झालं नाही म्हणून तो तीच कमांड पुन्हा मारतो. या सवयीपासून सुरुवातीलाच सावध राहिलेलं बरं. युनिक्सची पहिली नियमपुस्तिका 3 नोव्हेंबर 1971 ची. एलएस, कॅट, सीपी, एमव्ही, आरएम, डीएफ, डीयू, फाइंड, सीएचमॉड, हू, डेट ही सगळी मंडळी तिच्यात हजर आहेत आणि आजच्या सर्व्हरवरही तीच नावं, तीच कामं. संगणकाच्या क्षेत्रात पन्नास वर्षं टिकलेलं दुसरं फारसं काही सापडत नाही. आज पाठ केलेलं ॲप पुढच्या दिवाळीला राहील याची खात्री नसताना डीएफ शिकण्यात घातलेला तास वाया जात नाही, एवढं मी हमखास सांगू शकतो.

आपल्याकडे ही काळी खिडकी बरीच उशिरा आली, पण आली ती थेट मोठ्या कामाला. पुण्यात 1988 मध्ये सी-डॅक स्थापन झालं आणि 1991 मध्ये तिथे 'परम 8000' हा महासंगणक उभा राहिला. त्यामागचे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. वाशीम अकोल्यापासून वेगळा झाला तो 1 जुलै 1998 ला, त्यामुळे तेव्हाच्या हिशेबाने ते आपल्याच जिल्ह्याचे. ज्या वर्षी परम आला त्याच वर्षी लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत लिनक्सचा पहिला तुकडा लोकांपुढे ठेवला. पुढे लिनक्सने महासंगणकांचं क्षेत्र असं व्यापलं की नोव्हेंबर 2017 पासून जगातल्या सर्वांत वेगवान 500 यंत्रांपैकी एकही लिनक्सबाहेरचं राहिलेलं नाही. सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' नोव्हेंबर 2020 मध्ये त्या यादीत 63 वा होता. संशोधक अशा यंत्राला काम देतो तेही एसएसएचने लॉगिन करून, टर्मिनलवर कमांड देऊन. कारंज्याच्या एखाद्या मुलीने घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून मजकूर शोधणारं ग्रेप शिकून घेतलं, तर पुण्याच्या त्या यंत्रावर तिला ग्रेप नव्याने शिकावं लागत नाही.

सामान्य माणसासाठी विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला इंटरनेट सुरू केलं, तेव्हा अनेकांनी स्वस्तातलं शेल खातं घेतलं होतं. त्यात चित्रं नव्हती. मॉडेमची किरकिर थांबली की काळ्या पडद्यावर युनिक्सचा प्रॉम्प्ट यायचा, टपाल पाइनमध्ये वाचायचं, वेबपानं लिंक्समध्ये. आज पन्नाशीत असलेले आपले कितीतरी इंजिनिअर त्या खिडकीत शिकले. पुस्तकं होती ती इंग्रजीत. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' न चाळलेला संगणकाचा विद्यार्थी विदर्भात शोधून सापडायचा नाही. त्यांचंच 'युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग'ही आहे. ही पुस्तिका संपली की ते जरूर हाती घ्यावं.

आता मुद्द्याचं. बहुतेक पुस्तकं कमांड शिकवतात त्या फायलींपासून: फाइल बनवा, हलवा, पुसा. तिसऱ्या पानावर आरएम येते आणि वाचकाच्या हाती कोयता पडतो. मी ती सातव्या प्रकरणात ठेवली आहे. पहिल्या सहा प्रकरणांत अशाच कमांड आहेत ज्या नुसत्या पाहतात. कारण सर्व्हर सांभाळणाऱ्याचा बराचसा वेळ पाहण्यातच जातो, आणि पाहणं ज्याला आलं त्याला दुरुस्ती बहुधा एका ओळीत करता येते.

एक साधा प्रसंग घेऊ. एका छोट्या संस्थेचं संकेतस्थळ सकाळी उघडेनासं झालं. आपल्याकडची सार्वत्रिक पद्धत म्हणजे 'रीस्टार्ट मार'. मारला, दहा मिनिटं चाललं, पुन्हा बंद. आता पाहणी करू. एसएसएचने लॉगिन होतंय, म्हणजे यंत्र जिवंत आहे आणि नेटवर्कही ठीक. अपटाइम सांगतं की शेवटच्या एक, पाच आणि पंधरा मिनिटांत यंत्रावर सरासरी किती भार होता. तीन आकडे शून्याच्या जवळपास आहेत, म्हणजे गर्दी नाही. (चार कोअरच्या यंत्रावर हा आकडा चारपर्यंत गेला तरी घाबरू नये. एका कोअरच्या यंत्रावर चार म्हणजे कामं ताटकळली आहेत.) फ्री ही कमांड मेमरी दाखवते. तिच्यातला 'फ्री'चा रकाना अगदी लहान दिसतो आणि नवा माणूस हबकतो. पाहायचा असतो तो 'अव्हेलेबल'चा रकाना, कारण लिनक्स रिकामी मेमरी फायली साठवायला वापरून घेतं आणि गरज पडली की परत देतं. तिथेही ठीक. मग डिस्कचा हिशेब सांगणारं डीएफ. आणि डीएफ म्हणतं, 'व्हार' हे फोल्डर ज्या डिस्कवर आहे ती 100 टक्के भरली.

इथे घाई करायची नाही. डीयूने एकेक फोल्डरचं वजन काढायचं, सॉर्टने ते चढत्या क्रमाने लावायचं, आणि तळाला दिसतं ते लॉगचं, म्हणजे नोंदींचं, फोल्डर. आत एकच फाइल, कित्येक गिगाबाइटची. टेलने तिच्या शेवटच्या पन्नास ओळी पाहिल्या तर सेकंदाला शेकडो वेळा एकच चूक लिहिली गेली आहे: पासवर्ड चुकल्यामुळे प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणी मिळत नाही आणि तो न थकता पुन्हा प्रयत्न करतोय. म्हणजे डिस्क भरणं हा परिणाम आणि पासवर्ड हे कारण. रीस्टार्टने हे कधी सुटणार होतं?

पण प्रसंग इथे संपत नाही, आणि हाच भाग मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. समजा एखाद्याने ती अवाढव्य फाइल आरएमने पुसली. एलएसला ती दिसत नाही, पण डीएफ अजूनही 100 टक्केच म्हणतं. कारण तो प्रोग्रॅम ती फाइल उघडी धरून बसला आहे. यादीतून नाव गेलं, पण जोवर प्रोग्रॅम हात सोडत नाही तोवर डिस्कवरची जागा सुटत नाही. एलएसओएफ ही कमांड अशा नाव गेलेल्या पण धरून ठेवलेल्या फायली दाखवते. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की जागा मोकळी होते. फाइल पुसण्याऐवजी ट्रंकेटने आतून रिकामी केली असती, तर ही वेळच आली नसती. कमांडची यादी पाठ करून हे कळत नाही. फाइलचं नाव वेगळं आणि फाइल वेगळी, ही युनिक्सची रचना कळली तरच कळतं. तिसरं प्रकरण थोडं लांबलं आहे ते यासाठी.

बारीक पाहण्याचं मोल किती, याचा अलीकडचा दाखला मार्च 2024 चा. पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना आपल्या चाचणीच्या यंत्रावर एसएसएचचं लॉगिन सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतंय आणि प्रोसेसर विनाकारण तापतोय असं दिसलं. दुसऱ्या कुणी ते सोडून दिलं असतं. त्यांनी माग काढला आणि तो 'एक्सझेड' या फायली दाबून लहान करणाऱ्या साध्याशा प्रोग्रॅमपाशी जाऊन थांबला. दोनेक वर्षं विश्वास कमावत आत शिरलेल्या कुणीतरी त्यात चोरदरवाजा बसवला होता. 29 मार्चला त्यांनी तो जाहीर केला, तेव्हा ती आवृत्ती बहुसंख्य सर्व्हरपर्यंत पोचायची होती.

आता अधिकारांविषयी, कारण पाहण्यातून हात लावण्याकडे जाताना हा उंबरठा ओलांडावा लागतो. एलएसला लांब यादी मागितली की प्रत्येक फाइलपुढे नऊ जागांची एक पट्टी दिसते: मालक, गट आणि इतर, आणि प्रत्येकाला वाचायचा, लिहायचा, चालवायचा अधिकार आहे की नाही. शिकवताना मी सातबाऱ्याचं उदाहरण देतो. सातबारा कुणीही पाहू शकतो. 2018 पासून तर डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या निघतो. फेरफाराची नोंद मात्र तलाठीच धरतो, आणि ती प्रमाणित करायला मंडळ अधिकारी लागतो. वाचायला सगळे, लिहायला एक. ज्या सर्व्हरवर 'चालत नाही ना, मग 777 करून टाक' असा सल्ला दिला जातो, तिथे अधिकार बदलणाऱ्या सीएचमॉडने प्रत्येकाच्या हाती फेरफाराची वही दिलेली असते. रूट म्हणजे सर्वाधिकारी खातं. त्याचे अधिकार वापरून कमांड चालवू देणाऱ्या सुडोचंही तसंच. सुडोने चालवलेली प्रत्येक कमांड कुणी, कधी, कुठून चालवली याची नोंद होते. म्हणून चार जणांनी रूटचा एकच पासवर्ड वाटून घेण्यापेक्षा प्रत्येकाचं वेगळं खातं आणि सुडो बरं. उद्या काही बिघडलं तर संशय चौघांवर जात नाही.

तरीही चूक होते, आणि ती चांगल्या माणसाकडूनच होते, कारण रात्री अकराला दमलेल्या डोळ्यांनी सर्व्हर सांभाळायला तोच जागा असतो. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने दुय्यम डेटाबेसचं फोल्डर रिकामं करायचं म्हणून कमांड दिली. खिडकी मुख्य डेटाबेसची होती. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, कमांड थांबवली, तोवर सुमारे 300 गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या सोयी होत्या, त्यातली एकही ऐनवेळी धड निघाली नाही. सुदैवाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली. कंपनीने हे सारं लपवलं नाही. दुरुस्तीचं कामही जगाला थेट दाखवलं. सातव्या प्रकरणाच्या सुरुवातीला मी वाचकाला होस्टनेम ही कमांड टाइप करायला लावतो, ती या घटनेमुळे. आपण कोणत्या यंत्रावर आहोत, हे पुसण्याआधी यंत्रालाच विचारावं.

टीमक्स मी दुसऱ्याच प्रकरणात घेतलं, यावर पुण्या-मुंबईचे जाणकार नाक मुरडतील. त्यांच्याकडे ते सोयीचं साधन असेल, आपल्याकडे गरजेचं आहे. डेटाबेसची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर पाठवायला चार तास लागणार आहेत आणि दुसऱ्या तासाला मानोऱ्याची लाइट गेली, राउटर बंद पडला, एसएसएच तुटलं. त्याबरोबर ते कामही मरतं. तेच काम टीमक्सच्या आत सुरू केलं असेल तर ते सर्व्हरवर चालत राहतं. लाइट आल्यावर पुन्हा लॉगिन करायचं, अटॅच म्हणायचं, पडदा होता तिथून समोर. भारनियमनाची ती वर्षं गेली, पण वीज काही जायची थांबलेली नाही. याच कारणाने साध्या कॉपीऐवजी आरसिंक शिकवलं आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 1996 मध्ये ते केलं ते बारीक तारेवरून फायली न्यायलाच, आणि जेवढं बदललं तेवढंच ते पाठवतं.

वेळेविषयी दोन शब्द, कारण ते इतर पुस्तकांत सापडत नाहीत. भाड्याचा सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर चालतो आणि आपण साडेपाच तास पुढे. ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या क्रॉनमध्ये रात्री दोनला बॅकअप लावला म्हणून निश्चिंत झोपावं, तर तो सकाळी साडेसातला सुरू होतो आणि बरोबर लोक कामाला बसतात तेव्हा यंत्र जड होतं. मध्यरात्री काम हवं असेल तर क्रॉनला 18 वाजून 30 मिनिटं सांगावी लागतात, किंवा सर्व्हरची वेळ आधीच भारतीय करून घ्यावी. घड्याळ अचूक ठेवणं आता नुसती टापटीप राहिलेली नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 ला काढलेल्या निर्देशांनुसार यंत्रांची घड्याळं एनआयसीच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली हवीत आणि लॉग 180 दिवस जपून ठेवायला हवेत. घड्याळ जुळवणारं क्रोनी आणि लॉग आवरणारं लॉगरोटेट या दोन रूक्ष विषयांना एक अख्खं प्रकरण दिलं आहे ते म्हणूनच. कंटाळवाणं आहे, पण वगळू नका.

जे इथे नाही तेही सांगतो. डॉकर नाही, कुबरनेटिस नाही, क्लाउडच्या परीक्षांची तयारी नाही. ते सगळं या पायावरच उभं आहे आणि त्यांची पुस्तकं बाजारात भरपूर आहेत. व्हीआय या एडिटरचं प्रकरण छोटं ठेवलं आहे. फाइल उघडणं, एक ओळ बदलणं, जपून ठेवणं आणि बाहेर पडणं, इतकं आलं की सर्व्हरवर निभतं. इंटरनेटवरून किंवा हल्लीच्या एआयकडून मिळालेली कमांड चिकटवण्याबद्दल माझं मत कडक आहे: जिचा प्रत्येक तुकडा तुम्हाला समजावून सांगता येत नाही, ती सुडो लावून चालवू नका. प्रत्येक कमांडची माहिती देणारी मॅन ही कमांड बहुतेक सर्व्हरवर हजर असते, फुकट असते आणि तिला इंटरनेट लागत नाही.

सरावाला नवं यंत्र नको. घरात पडलेला जुना लॅपटॉप पुरतो. त्यावर डेबियन लिनक्स टाका, किंवा सी-डॅकचं 'बॉस' टाका, त्यात मराठीची सोय आहे. तेही नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स बसवून पहिली सहा प्रकरणं बरीचशी करता येतात. वाचताना टर्मिनल उघडं ठेवा आणि प्रत्येक कमांड हाताने टाइप करा. पुस्तिकेत चूक आढळली तर पान क्रमांकासह कळवा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन. आणि सातव्या प्रकरणापासून पुढचं काहीही, कुणाचा तरी पीकविमा किंवा पगार ज्यावर अवलंबून आहे अशा चालू सर्व्हरवर, पहिल्यांदा करून पाहू नका.